मणक्यात नस दबली: थांबायचं कधी, धावायचं कधी

एकाची कंबर आणि डावा पाय असा ठणकतोय की त्याला बसवत नाही, झोपवत नाही. शिंक आली तरी टाचेपर्यंत कळ जाते. दुसऱ्याला दुखणं फारसं नाही, पण चालताना त्याच्या एका पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्याला ते कळतही नाही. घरचे लोक साहजिकच पहिल्याला घेऊन डॉक्टरांकडे धावतात आणि दुसऱ्याला "बघू चार दिवस" म्हणतात. खरं तर घाई दुसऱ्याची आहे. पहिल्याचे हाल होताहेत, त्याला आराम मिळायलाच हवा, पण त्याची नस बहुधा महिना-दोन महिन्यांत शांत होईल. दुसऱ्याच्या नसेचं काम बंद पडायला लागलंय आणि त्याच्या हातात वेळ कमी आहे.

नस दबली असेल तर धोका दुखण्यावरून मोजू नका. हातापायातली ताकद किती गेली, स्पर्श किती गेला आणि लघवी-शौचावरचा ताबा शाबूत आहे का, यावरून तो मोजा. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन, ऑपरेशन हे सगळे निर्णय शेवटी याच तीन गोष्टींपाशी येतात.

मज्जारज्जू मेंदूपासून खाली उतरतो आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्यापासून नसांच्या ३१ जोड्या निघतात: मानेत ८, पाठीत १२, कंबरेत ५, त्याखालच्या त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. मज्जारज्जू संपल्यावर खालच्या नसांचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा मणक्यांच्या पोकळीत लोंबत असतो. दोन मणक्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक लहान भोक असतं आणि तिथून एकेक नस बाहेर पडते. जागा मुळातच अरुंद. त्यामुळे तिथे थोडं काही वाढलं, फुगलं किंवा सरकलं की नसेची अडचण होते.

तरुण आणि मध्यम वयात ही अडचण बहुतेकदा गादीमुळे होते. गादी म्हणजे डिस्क. तिला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर असतो. कड्याला चीर पडली की गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला भिडतो. साठीच्या पुढे कारणं बदलतात. गादी झिजून तिची उंची कमी होते, मणक्यांच्या सांध्यांवर हाड वाढतं, आतले बंध जाड होतात आणि सगळा रस्ताच चिंचोळा होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक स्वतःला इजा करून घेतात. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती अख्खी जागेवरून निसटत नाही. त्यामुळे जोरात दाबून, झटका देऊन किंवा पाठीवर पाय देऊन ती "जागेवर बसवणं" शक्य नाही. हातापायातली ताकद कमी झालेली असताना मान किंवा कंबर कडाकडा मोडून घेणं धोक्याचं आहे. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या घटना क्वचित का होईना, घडलेल्या आहेत.

दाब आणि कळ

पायातल्या कळेचा संबंध फुटलेल्या गादीशी आहे हे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या अमेरिकी सर्जनांनी १९३४ साली ठामपणे मांडलं. त्यानंतर बराच काळ हिशोब सरळ वाटत होता: दाब आहे म्हणून दुखतं, दाब काढला की थांबतं. पण नुसत्या दाबाने सगळ्याचा उलगडा होत नव्हता. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्जनांनी ऑपरेशन करताना नसांभोवती नायलॉनचा धागा अडकवला आणि त्याची टोकं बाहेर ठेवली. रुग्ण सावरल्यावर तो धागा हलकेच ओढून पाहिला. गादीने आधी दाबलेली नस ओढली की तीच जुनी कळ पायात उतरायची. शेजारची निरोगी नस ओढली तर तशी कळ येत नव्हती.

म्हणजे कळ येण्यासाठी नस आधी सुजलेली, चिडलेली असावी लागते. गादीतला गर नसेला लागला की सूज आणणारी रसायनं तयार होतात आणि नस हुळहुळी होते. निरोगी नसेवर नुसता दाब आला तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो, ताकद कमी होते, पण ठणका असेलच असं नाही. ती निसटणारी चप्पल इथेच समजते.

आता दिलासा देणारा भाग. बाहेर आलेला गर शरीर परकं समजतं. पांढऱ्या पेशी त्या जागी जमतात आणि तो तुकडा हळूहळू संपवतात. गंमत म्हणजे पूर्ण तुटून बाहेर पडलेले मोठे तुकडे लहानशा फुगवट्यापेक्षा जास्त प्रमाणात विरघळतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये "मोठा तुकडा" असं वाचून लगेच धीर सोडू नका. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची कळ ऑपरेशनशिवाय बरीच ओसरते, त्याचं एक कारण हे आहे. हाडाच्या वाढीमुळे आलेला चिंचोळेपणा मात्र असा विरघळत नाही.

कुठली नस, हे शरीरच सांगतं

प्रत्येक नसेचा आपला इलाका असतो. कंबरेत सर्वाधिक त्रास शेवटच्या दोन गाद्यांमध्ये होतो. पाचवी कंबरेची नस दबली तर कळ मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरून पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्यात जाते. अशा माणसाला टाचांवर चालायला सांगा, त्या बाजूचा पंजा वर उचलत नाही. तिच्याखालची नस दबली तर कळ मागच्या बाजूने टाच आणि करंगळीकडे जाते, आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहताना पाय खचतो. मानेतल्या सहाव्या नसेचा त्रास हाताच्या अंगठ्याकडे जातो, सातवीचा मधल्या बोटाकडे, आठवीचा करंगळीकडे. सातवी नस मानेत सगळ्यात जास्त वेळा दबते. ती दबली की कोपर सरळ करण्याची, म्हणजे दार ढकलण्याची ताकद कमी होते.

मानेच्या काही रुग्णांची एक सवय पाहण्यासारखी असते. दुखरा हात ते डोक्यावर ठेवून बसतात. कोणी शिकवलेलं नसतं, पण हात तसा वर घेतला की नसेवरचा ताण सैल होतो आणि कळ उतरते. डॉक्टरांच्या दृष्टीने हा चांगला पुरावा आहे, कारण खांद्याचा सांधा दुखत असेल तर हात वर नेल्यावर दुखणं सहसा वाढतं. कंबरेसाठी अशीच एक साधी तपासणी आहे. रुग्णाला पाठीवर झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याच्या खालीपर्यंत कळ गेली तर सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी मोठी नस ताणली जातेय असं समजतात.

हातापायात मुंग्या आल्या म्हणजे मणक्यातच दोष आहे असंही नाही. मनगटात नस दबली तरी बोटं बधिर होतात, विशेषतः रात्री. मधुमेह आणि बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता यांत दोन्ही पावलं सारखीच बधिर होतात. खुब्याचा सांधा झिजला तर मांडीत दुखतं. नागीण उठण्याआधी पट्ट्यात आग होते. म्हणून हातांनी नीट तपासणाऱ्या, रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडतो ती प्रतिक्रिया) बघणाऱ्या, टाचा-चवड्यांवर चालायला लावणाऱ्या डॉक्टरांना माझ्या लेखी मशिनपेक्षा जास्त किंमत आहे.

धावायची वेळ

कंबरेच्या त्रासात लघवी अडली किंवा भरल्याची जाणीवच होईनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जननेंद्रियं, गुदद्वार आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांची ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. घोड्याच्या शेपटीसारखा तो झुपका सगळाच दाबला जातोय असा त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा एमआरआय ताबडतोब लागतो आणि दाब सापडला तर ऑपरेशन तासांच्या हिशोबात करावं लागतं. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. "पुसताना कागद किंवा हात लागलेला कळतो का?" हा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तो विचारलाच पाहिजे. लाजेपोटी लोक हे लक्षण लपवतात आणि नुकसान होऊन बसतं.

मानेत नसेऐवजी मज्जारज्जूच दबला तर चित्र वेगळं दिसतं आणि ते फसवं असतं, कारण त्यात मान फारशी दुखेलच असं नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागतो. अक्षर बिघडतं. किल्ली कुलपात नीट बसत नाही. चालताना पाय ताठरल्यासारखे पडतात, अंधारात तोल जातो. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं याची मला खरोखर खंत वाटते. अशा वेळी ऑपरेशनचा मुख्य हेतू पुढची घसरण थांबवणं हा असतो. गेलेलं सगळं परत मिळेल याची खात्री नसते, म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं.

एका हाताची किंवा पायाची ताकद दिवसागणिक कमी होत असेल तर आठवडे घालवू नका. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं किंवा मोठा अपघात यांपैकी काही असेल तर तपासणी वेगळ्या दिशेने आणि लवकर व्हायला हवी.

यातलं काहीही नसेल तर पहिल्या दिवशी एमआरआयची गरज सहसा नसते. २०१५ साली एका आढावा-अभ्यासाने पाठीचं कुठलंही दुखणं नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली गादी विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांमध्ये होती. यांना कसलाही त्रास नव्हता. म्हणजे फोटोत फुगवटा दिसला म्हणून तोच गुन्हेगार असं ठरत नाही. कळ डाव्या अंगठ्यात जाते आणि फोटोत त्याच बाजूची, तीच नस दबलेली दिसते, तेव्हा त्या फोटोला अर्थ येतो. ताकद गेली असेल, वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील, किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही इंजेक्शन-ऑपरेशनचा विचार करायची वेळ आली असेल, तर एमआरआय जरूर करा. साध्या एक्स-रेमध्ये नस दिसतच नाही.

पहिले सहा आठवडे

पूर्वी सायटिका, म्हणजे पायात उतरणारी ही कळ, म्हटलं की दोन आठवडे सक्तीची विश्रांती सांगत. १९९९ साली १८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात याची परीक्षा झाली. दोन आठवडे पडून राहिलेले आणि जमेल तसं हिंडते-फिरते राहिलेले, दोन्ही गट सारखेच बरे झाले. विश्रांतीचा जास्तीचा फायदा काही दिसला नाही. पहिले एक-दोन दिवस असह्य असताना पडून राहा, त्यात गैर नाही. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, एवढ्यानेही बरंच सुसह्य होतं. त्यानंतर घरातल्या घरात थोडं थोडं चालणं सुरू करा. सलग बसणं टाळा. वाकून वजन उचलणं आणि वजन हातात असताना कंबर पिळणं काही आठवडे नकोच.

फिजिओथेरपीत एक खूण ओळखायला शिका. कंबर मागे वाकवण्यासारखे काही व्यायाम करताना पोटरीपर्यंत जाणारी कळ मांडीत, मग कुल्ल्यात, मग फक्त कंबरेत यायला लागली, तर ते चांगलं लक्षण आहे. त्या वेळी कंबर आधीपेक्षा थोडी जास्तही दुखू शकते. रुग्ण घाबरून व्यायाम सोडतो तो नेमका इथे. कळ वर सरकतेय ना, मग तो व्यायाम चालू ठेवा. उलट एखाद्या हालचालीने कळ खाली पावलाकडे उतरत असेल तर ती हालचाल ताबडतोब थांबवा आणि थेरपिस्टला सांगा. एकाला लागू पडलेला व्यायाम दुसऱ्याला त्रासदायक ठरतो, म्हणून व्हिडिओ बघून जसाच्या तसा करू नये.

मानेच्या पट्ट्याबद्दल मतं टोकाची असतात. माझं मत मधलं आहे. २००९ साली २०५ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, नवीन सुरू झालेल्या हाताच्या कळेसाठी तीन ते सहा आठवडे अर्ध-कडक पट्टा आणि विश्रांती घेणाऱ्यांना तसंच फिजिओथेरपी घेणाऱ्यांना, नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा लवकर आराम पडला. म्हणजे थोडे दिवस पट्टा चालतो, पण तो हळूहळू सोडायचा असतो. महिनोन्महिने लावून मानेचे स्नायू कमजोर करून घेऊ नका. कंबरेला वजन बांधून ओढ देण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, ठोस फायदा अभ्यासांमध्ये दिसलेला नाही.

औषधांकडून माफक अपेक्षा ठेवा. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काहींना दिलासा देतात, पण पोटात अल्सर, किडनीचा विकार, वाढलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. "नसेची गोळी" म्हणून दिलं जाणारं प्रेगाबालिन सायटिकावर २०१७ साली २०९ रुग्णांवर तपासलं गेलं. औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याने दुखणं जास्त कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त आली. आधीपासून ते चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून डोस उतरवा.

कळ काही केल्या झोपू देत नसेल तर नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन हा एक पर्याय आहे. मिळाला तर फायदा काही आठवड्यांचा असतो, तोही माफक. त्या अवधीत चालणं-फिरणं आणि व्यायाम सुरू करता आला तर इंजेक्शन सार्थकी लागलं म्हणायचं. दुर्मीळ पण गंभीर इजांबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने २०१४ साली इशारा दिला होता, त्यात पक्षाघात आणि दृष्टी जाणं याचा उल्लेख होता. मानेतल्या इंजेक्शनबाबत जास्त काटेकोर राहावं.

ऑपरेशनचा प्रश्न

नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या प्रश्नावर सगळ्यात उपयोगी वाटतो. सगळ्यांना सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका होती. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना आणखी वाट पाहायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्ष संपताना दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरं वाटतंय असं सांगत होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र त्या वर्षात ऑपरेशन करून घ्यावं लागलं. ताकद शाबूत असेल तर ऑपरेशन म्हणजे लवकर सुटका, हे लक्षात घेऊन आपली सहनशक्ती, कामाची निकड आणि भूल सोसण्याची ताकद यांचा विचार करून रुग्णाने ठरवावं. "आत्ता नाही केलं तर अपंग व्हाल" असं कोणी म्हणालं, तर कुठली ताकद किती कमी झाली आहे ते दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर दुसरं मत घ्या.

कंबरेत सहसा छोट्या छेदातून, सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीच्या मदतीने, नसेवर आलेला तुकडाच काढतात. पायातली कळ यात छान थांबते, कंबरदुखीची तशी हमी नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांना त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर येतो. मानेत बऱ्याचदा पुढून, गळ्याच्या बाजूने जाऊन गादी काढतात आणि दोन मणके एकमेकांना जोडतात किंवा कृत्रिम गादी बसवतात. मणके जोडायचे असतील तर धूम्रपान सोडावंच लागतं, कारण त्याने हाड जुळायला अडथळा येतो.

साठी उलटलेल्यांचा चिंचोळा कालवा, म्हणजे मणक्यांमधली नसांची पोकळी अरुंद होणं, हा वेगळा प्रकार. थोडं चाललं की पाय भरून येतात, जड होतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. असे लोक सामानाची ट्रॉली ढकलत लांब चालतात, सायकलही चालवतात, कारण पुढे वाकल्यावर कालवा थोडा रुंद होतो. पायांतला रक्तपुरवठा कमी असेल तेव्हाही चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो आणि सायकल चालवतानाही दुखतं. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा. चालण्याचं अंतर घटतच चाललं आणि व्यायामाने भागत नसेल, तर पोकळीच्या मागच्या बाजूचं हाड आणि जाड झालेले बंध काढून जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन अनेकांना चांगलं मानवतं.

बरं होण्याचाही एक क्रम आहे आणि तो आधी ठाऊक असला तर निराशा टळते. उपचार कुठलेही असोत, सहसा आधी कळ जाते. ताकद त्यामागून येते, तिला आठवडे ते महिने लागतात. बधिरपणा सगळ्यात शेवटी ओसरतो आणि काहींच्या एखाद्या बोटापुरता तो कायमचा राहतो. कळ नाही, ताकद परत आली आहे, पण अंगठ्याची कड अजून सुन्न आहे, एवढ्यासाठी कोणी दुसरं ऑपरेशन सुचवलं तर ते करून घ्यायचं कारण नाही. त्या जागी चटका बसला किंवा जखम झाली तर लवकर कळणार नाही, म्हणून पाऊल रोज बघत जा, अनवाणी फिरू नका आणि गरम पाणी हाताने तपासल्याशिवाय त्यात पाय घालू नका.